सुई घेऊन विहिणीच्या घरी

नोकरीतली जवळजवळ निम्मी वर्षं मी लोकांना सुई टोचायला शिकवण्यात घालवली. टोचण्यात नव्हे, शिकवण्यात. टोचणं सोपं असतं.

मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं नर्स होते. माहेर साताऱ्याचं, पण पगार, संसार आणि गुडघेदुखी हे सगळं मिरजेनं दिलं. शेवटची बारा-तेरा वर्षं माझ्याकडे एक वेगळंच काम आलं होतं. ज्यांना घरी गेल्यावरही इंजेक्शनं चालू ठेवायची असतात त्यांना, नाहीतर त्यांच्या माणसांना, ती कशी द्यायची हे शिकवायचं. या कामाला धड नाव नव्हतं. वॉर्डातली मंडळी त्याला ‘बाईंची शाळा’ म्हणायची, आणि कुणी रजेवर असलं की त्याचं कामही शाळेच्याच गळ्यात टाकायची.

शाळेत नाना तऱ्हेचे विद्यार्थी आले. एक निवृत्त सुभेदार होते. सरहद्दीवर काय काय केलं ते सांगत सांगत त्यांनी स्वतःच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि तिथंच आडवे झाले. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, “सिस्टर, ही बात बाहेर जाता कामा नये.” आज ती दिवाळी अंकात चालली आहे, पण मी गावाचं नाव लिहीत नाही, म्हणजे शब्द पाळल्यासारखाच. दुसरे एक तंबोरे बनवणारे कारागीर. इन्सुलिनच्या पेनावरचे बारीक आकडे त्यांना दिसायचे नाहीत. पेन फिरवताना प्रत्येक आकड्याला टिक असा आवाज होतो. हे गृहस्थ पेन कानाशी धरून टिकटिक मोजायचे. मी बाजूला उभी राहून आकडा बघायची. एकदाही चुकले नाहीत.

पण संपादकांनी लिहा म्हटलं तेव्हा यांच्यापैकी कुणी आधी आठवलं नाही. आठवल्या तानूबाई. आटपाडीकडच्या, मेंढपाळाच्या घरच्या, अक्षरओळख नसलेल्या. माझ्या शाळेतून त्यांच्याइतकी पक्की होऊन दुसरी कुणी बाहेर पडली नाही, आणि त्यांनी मला जे शिकवलं ते मी अजून पुरतं गिरवते आहे.

आधी आजार सांगते. गरोदरपणात बाईचं रक्त जरा लवकर गोठतं. ही निसर्गाचीच सोय. बाळंत होताना रक्त जाऊन ती दगावू नये म्हणून केलेली. पण कधीकधी सोयच अंगाशी येते. पायाच्या शिरेत गाठ होते हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. तशीच गाठ मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेतही होऊ शकते, हे फारसं कुणाला माहीत नसतं. सांगलीकडच्या माणसाला मी ते उसाच्या रानावरून सांगायची. पाटाचं पाणी येतंय, पण निचऱ्याची चर बुजली, तर रानात काय होईल? पाणी तुंबेल. मेंदूत तसंच होतं. डोकं ठणकतं, उलट्या होतात, नजर अंधूक होते, झटके येतात, एखादी बाजू लुळी पडते. हे क्वचित होतं, पण झालं आणि ओळखलं नाही तर बाई हातची जाते. आणि ओळखणं अवघड, कारण गरोदर बाईचं डोकं दुखलं तर घरातलं कुणीही ‘पित्त झालंय’ म्हणून मोकळं होतं.

उपाय म्हणजे गाठ वाढू न देणारं, रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन. दिवसातून दोनदा, पोटाच्या कातडीखाली. बाळंतपणापर्यंत आणि नंतरही किमान दीड महिना, कारण बाळंतपणानंतरचे दिवसच जास्त धोक्याचे. हे औषध बाळापर्यंत पोचत नाही आणि सुई तर अर्ध्या बोटाएवढीही नसते. पण पोटुशीच्या पोटात सुई म्हटलं की समोरच्या माणसाच्या तोंडचं पाणी पळतं.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. तानूबाईंच्या कितीतरी आधी साताऱ्याकडची एक मुलगी याच आजारानं आमच्याकडे आली होती. बरी होऊन घरी जाताना मी तिच्या नवऱ्याला सगळं शिकवलं. “समजलं का?” “व्हय.” मी फॉर्मवर ‘शिकवले, समजले’ अशी खूण केली. त्यांनी बाळंत होईपर्यंत सुया नीट दिल्या आणि मूल झाल्यावर बंद केल्या. मोकळी झाली, आता कशाला, असं वाटलं त्यांना. तीन आठवड्यांनी ती झटके येऊन परत आली. जगली, पण तिचं बोलणं परत आलं नाही. बाळ रडलं की ती नुसती तोंड उघडायची. मला नवऱ्याचा फार राग आला होता. राग ओसरल्यावर कळलं की चूक माझी होती. ‘समजलं का’ या प्रश्नाला आपल्याकडे कुणी ‘नाही’ म्हणत नाही, तो समोरच्याचा अपमान वाटतो. तेव्हापासून मी तो प्रश्न टाकून दिला. शिकवून झालं की म्हणायची, “आता मी अडाणी आहे असं समजा आणि मला शिकवा.”

तर सारिका. तेवीस वर्षांची, पहिलटकरीण, सातवा महिना नुकताच लागलेला. नवरा बिरू डाळिंबाची बाग करायचा. घरची मेंढरं अजून होती, ती सासूसासरे बघायचे. दहा दिवस डोकं दुखत होतं, पित्ताच्या गोळ्या झाल्या होत्या. शेवटी झटका आला तेव्हा जीपमध्ये घालून मिरजेला आणली. गरोदरपणात झटका म्हटलं की पहिला संशय रक्तदाबाचा. तो बघितला तर ठीक. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बिरूला प्रश्न विचारत होत्या, आणि तो बिचारा प्रत्येक प्रश्नाला आईकडे बघत होता. तेव्हा हिरवं लुगडं नेसलेली ती किडकिडीत आई, म्हणजे तानूबाई, पुढं झाल्या.

“आवं बाई, ही आडवी झाली की डोस्कं जास्त दुखतंय. बसली की वाईच कमी. चार दिस झालं, भिताडाला टेकून बसून झोपती.”

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं. मेंदूत दाब वाढला की आडवं झाल्यावर दुखणं वाढतं. एवढ्या एका वाक्यावर त्यांनी एमआरआयच्या कागदावर शिरांचाही फोटो काढायला लिहिलं. नाहीतर तो पुष्कळदा लिहायचा राहतो. शीर बंद होती. त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन गेलं.

दोन आठवड्यांत सारिका सावरली. डोकं दुखायचं थांबलं, झटके थांबले. उजवा हात मात्र ढिला राहिला. भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता. ताटलीत सासू भाकरी कुस्करून द्यायची. पोटातलं बाळ ठीक होतं. आता प्रश्न एवढाच होता की पुढचे चार महिने रोज सकाळ-संध्याकाळ एकही खाडा न होता सुई कोण देणार. खाडा झाला तर काय होतं, ते मी पाहिलेलं होतं.

मी बिरूला बोलावलं. धिप्पाड गडी, मान खाली घालून उभा. “मला रगात बघवत न्हाई, सिस्टर.” मी म्हटलं, यात रक्त येत नाही. तर म्हणतो, “सुई बी बघवत न्हाई.”

“दावा मला,” तानूबाई म्हणाल्या. “शंभर मेंढरांस्नी लस टोचती मी.”

“अहो, मेंढरं वेगळी, माणूस वेगळं.”

“कातडं त्येच की. मेंढरू हालतंय, ही हालायची न्हाई. ह्येच सोपं हाय.”

मी सरावाचा स्पंज पुढे ठेवला. त्यांनी तो चिमटीत धरला, सुई सरळ आत घातली, अंगठ्यानं सावकाश औषध सोडलं आणि सुई अलगद काढली. नर्सिंगच्या मुलींना हा हात बसायला महिना लागतो. मी शाबासकी द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात बाईंनी त्या जागी अंगठा दाबून जोरजोरात चोळायला सुरुवात केली. मी ओरडलेच. या औषधावर चोळलं तर आतल्या आत रक्त पसरतं.

“मेंढराला चोळत्यातच की. औषिद पांगाया नगं?” त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच नवशिकी. मग त्यांनी वापरलेल्या सुईला टोपण लावलं आणि ती कनवटीला खोचली. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “सांजच्याला चालंल की. कळपाला एकच सुई असती.” मी स्टूल ओढून खाली बसले.

कोऱ्या पाटीवर लिहिणं सोपं असतं, आधीचं पुसून लिहिणं कठीण. चार दिवस मी त्यांचं चोळणं सोडवत होते. त्या दुसऱ्या हातानं पहिला हात धरून ठेवायच्या, इतका तो सवयीचा झाला होता. पाचव्या दिवशी मी म्हटलं, आता मला शिकवा. त्यांनी पदर खोचला आणि मला चांगलंच फैलावर घेतलं. “हात धुतलास का गं? सकाळची डावीकडं, सांजची उजवीकडं. बेंबीपास्नं लांब. काढल्यावर हात लावायचा न्हाई. वापरल्याली सुई बाटलीत टाकायची, कनवटीला न्हाई.” शेवटचं म्हणताना मात्र हसू आवरलं नाही त्यांना. मी फॉर्मवर खूण केली, आणि या वेळी निश्चिंत मनानं केली.

माझी निश्चिंती दोन तासही टिकली नाही. सारिकाची आई लेकीला न्यायला आली. शोभाताई, उंब्रजच्या. त्यांचंही घराणं मूळचं माणदेशी, पण दोन पिढ्यांपासून हायवेला घोंगड्यांचं दुकान टाकून तिकडचं झालेलं. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्या महिन्यात लेक न्यायची, ही रीत. त्यात उंब्रजहून कऱ्हाड जवळ, मोठे दवाखाने हाताशी, काही झालं तर आटपाडीकडच्या वाडीपेक्षा बरं. डॉक्टरीणबाईंनाही ते पटलं. सुईचं काय, तर शोभाताई म्हणाल्या, “आमच्या गल्लीत कंपाउंडर आहे. तो येऊन देईल.”

तानूबाईंनी शांतपणे विचारलं, “आयतवारी येतो का त्यो?”

“रविवारी सुट्टी असते त्याला. एक दिवस काय होतंय?”

“जत्रंला गावी जातो का?”

तानूबाईंनी सुयांचा खोका उचलून काखेत घेतला. “मग मी येती तुमच्यासंगं.”

शेजारच्या खाटांवरच्या बायकाही वळून बघायला लागल्या. बाहेरच्या वाचकाला यात काय मोठंसं, असं वाटेल. पण मुलाची आई सुनेच्या माहेरी जाऊन महिनोन्‌महिने राहते, हे आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. विहीण म्हणजे मानाची बाई. दोन दिवस येणार, ओटी भरून घेणार, चार खोड्या काढणार आणि जाणार. ती मुक्कामाला आली तर लोक म्हणणार, एकतर माहेरच्यांवर विश्वास नाही, नाहीतर घरात खायला नाही. बिरू पुटपुटला, “आये, लोक काय म्हनतील? आन् मेंढरं?”

“मेंढरं तुजा बा बघंल. विहीणबाई, मला पाट नगं, पंगत नगं. माजी भाकरी मी थापून खाईन. पर सुई माज्या हातची.”

आणि त्या खरंच गेल्या. आयुष्यात कळप सोडून आठवड्यापेक्षा जास्त कुठं राहिल्या नव्हत्या त्या.

पहिले पंधरा दिवस सारिकाच्या फोनवरून खुशाली कळत होती. मग एका सकाळी साडेनऊला शोभाताईंचा फोन आला. आवाज चढलेला. “सिस्टर, माझ्या पोरीचं पोट निळं पडलंय. सगळी गल्ली बोलतीय, सासू येऊन सुनेच्या पोटात सुया खुपसतीय. मी आई आहे, मला रोज नाही बघवत. मी सुया कपाटात कुलपात टाकल्यात. आज दिली नाही.”

सातची सुई. अडीच तास उलटून गेले होते.

मी फोटो मागवला. रुपयाएवढे चार-पाच डाग होते, हे औषध घेणाऱ्या प्रत्येकाला होतात तसले. मी समजावलं, पुन्हा समजावलं. पलीकडून नुसतं “ते खरं, पण” येत होतं. मग माझ्या लक्षात आलं की या बाईला मी काहीच शिकवलेलं नाही. एका विहिणीला शिकवून मी मोकळी झाले होते. ज्या घरात सुई द्यायची, त्या घराच्या मालकिणीला दोन शब्द सांगायचं मला सुचलं नव्हतं. इतकी वर्षं शाळा चालवून मी परत तीच चूक केली होती, फक्त वेगळ्या दारानं.

मी काय बोलावं या विचारात असताना फोनवर तानूबाईंचा आवाज आला. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

“विहीणबाई, माज्या मनात वंगाळ न्हाई, पर खरं बोलती. तुमची लेक गेली तर माज्या लेकाला दुसरी बायकू भेटंल. लोक चार म्हैन्यांत सोयरीक घिऊन येतील. तुमाला दुसरी लेक कुटनं भेटायची? कपाट उघडा.”

मग किल्लीचा आवाज आला. मी फोन कानाला लावून तशीच उभी होते. माझ्या एकतीस वर्षांत पेशंटच्या नातेवाइकाशी इतकं नागडं खरं मला कधी बोलता आलं नव्हतं.

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. उद्या मलाच ताप आला तर, असं म्हणून त्यांनी शोभाताईंना शिकवायला घेतलं. पहिल्या दिवशी त्यांच्या हातावर आपला हात ठेवून तानूबाईंनी सुई दिली. दहा दिवसांत ठरून गेलं, सकाळची सासूची, संध्याकाळची आईची. गल्लीतल्या बायकांना मग बोलायला दुसरा विषय शोधावा लागला.

दिवस भरत आल्यावर, आधी ठरल्याप्रमाणे, सारिका आमच्याकडे भरती झाली. अशा पेशंटची सुई बाळंतपणाच्या वेळी नेमकी थांबवून नेमकी परत सुरू करावी लागते, ते घरी जमण्यासारखं नसतं. मुलगी झाली. नीट झाली. सगळ्यांनी हुश्श केलं, आणि मी मात्र त्या दिवसापासून जास्त घाबरले. साताऱ्याची मुलगी याच दिवसांत हातची निसटली होती.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात बघते तर सारिकाचे ओठ सुकलेले. शोभाताई सुंठीचं कोमट पाणी चमच्यानं देत होत्या. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, नाहीतर पोट सुटतं, हा समज मी नोकरीभर ऐकला आणि नोकरीभर त्याच्याशी हरले. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त आणखी दाट होतं, आणि हिच्या डोक्यात तर आधीच गाठ. मी आवाज चढवणार एवढ्यात तानूबाई तांब्या भरून घेऊन आल्या.

“व्यालेल्या मेंढरापुढनं पानी काढून घेत्यात का कुटं? त्ये वाळून मरंल. पी गं पोरी, सगळा तांब्या पी.”

शोभाताईंनी चमचा खाली ठेवला. मी जे तक्ते दाखवून, पत्रकं वाटून सांगायची, ते बाईंनी तांब्या भरता भरता सांगून टाकलं होतं. पुढं नर्सिंगच्या मुलींना मी हेच वाक्य शिकवत आले.

दीड महिन्यानं सगळी तपासायला आली. शिरांचा फोटो परत काढला. शीर मोकळी झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजची सुई शेवटची. उद्यापासून बंद.” बिरूच्या डोळ्यांत पाणी आलं. शोभाताईंनी हात जोडले. तानूबाई सवयीप्रमाणे हात धुवायला निघाल्या.

“आत्या,” सारिका म्हणाली, “थांबा. सुई हिकडं द्या.”

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. इतक्या महिन्यांत तिच्या पोटावरून आम्ही किती बोललो होतो. सासू बोलली, आई बोलली, नवरा बोलला, मी तर सगळ्यात जास्त बोलले. तिला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. मीसुद्धा घरात सुई कोण देणार हे सगळ्यांना विचारलं होतं, तिच्याकडे बघून फक्त तिचा लुळा हात पाहिला होता. त्या हाताचा व्यायाम ती रोज करत होती, हे मला तेव्हा कळलं.

तिनं बाळ आईच्या मांडीवर दिलं. हात धुतले. डाव्या हातानं पोटाची कातडी चिमटीत धरली आणि उजव्या हातात सुई घेतली. बोटं थोडी थरथरली. तिनं ती थांबू दिली. मग सुई सरळ आत गेली, अंगठा सावकाश खाली आला, आणि औषध संपेपर्यंत कुठं ढळला नाही.

मी तानूबाईंकडे बघितलं. चार महिने रोज, पापणी न लवता सुई टोचणारी ती बाई भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि दोन्ही हातांनी पदर डोळ्यांवर दाबून धरला होता. सुनेनं स्वतःला सुई टोचलेली तिला बघवली नाही.